न्यू जर्सीच्या अंगणातला रेड ओक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर घेतलं, मागे मोकळी हिरवळ आहे, पश्चिमेचं ऊन थेट बैठकीच्या खोलीत येतं. आता पटकन वाढणारं, मोठं, सावलीचं झाड हवं. एडिसनपासून ब्रिजवॉटरपर्यंतच्या मराठी घरांतून हाच प्रश्न येतो. या हवामानासाठी आमचं उत्तर बहुतेक वेळा ओक असतं, आणि त्यातही नॉर्दर्न रेड ओक. मात्र हे झाड वेगाने वाढेल की दहा वर्षं रडत राहील, ते लावण्याच्या दिवशी आणि त्यानंतरच्या तीन उन्हाळ्यांत ठरतं. खालची बरीचशी उत्तरं त्या काळाबद्दल आहेत.

ओक तर हळू वाढतो म्हणतात. मग तुम्ही त्याला जलद का म्हणता?

ओकच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांचा वेग सारखा नाही. व्हाइट ओक सावकाश वाढतो. रेड ओक, पिन ओक, विलो ओक आणि शुमार्ड ओक हे लाल गटातले ओक चांगल्या मातीत तरुणपणी वर्षाला दोन फुटांच्या आसपास उंची घेतात. पूर्ण वाढलेला रेड ओक ६० ते ७५ फूट उंच होतो आणि त्याच्या फांद्यांचा घेर ४५ फुटांच्या पुढे जातो. सिल्व्हर मेपल किंवा ब्रॅडफर्ड पेअर याहून लवकर वाढतात, पण त्यांचं लाकूड आणि फांद्यांचे सांधे कच्चे असतात. ओल्या बर्फाच्या एका रात्रीत ब्रॅडफर्ड पेअर मधोमध फाटलेलं दिसतं. शिवाय ते आजूबाजूच्या रानात आगंतुकासारखं पसरतं, त्यामुळे ते नव्याने लावूच नका.

रेड ओक इथलाच आहे. १९५० पासून तो न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे. इथली थंडी, इथली आम्लधर्मी माती आणि इथले पक्षी-किडे त्याच्या ओळखीचे आहेत.

माझ्या जमिनीत तो येईल का?

दोन गोष्टी तपासा: सामू (म्हणजे pH, माती किती आम्लधर्मी आहे त्याचं माप) आणि निचरा.

रेड ओकला आम्लधर्मी माती लागते. सामू ५ ते ६.५ असला की उत्तम. सातच्या वर गेला तर मुळांना लोह उचलता येत नाही आणि पानांवर केवडा पडतो, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. पिन ओकवर तर हा केवडा फारच लवकर दिसतो. रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. नमुना घराच्या भिंतीलगतचा घेऊ नका, कारण काँक्रीटमधल्या चुन्यामुळे तिथला सामू वाढलेला असतो. आणि हिरवळीवर दरवर्षी चुना टाकणारा माणूस ठेवला असेल, तर झाडाच्या भोवतालचा भाग सोडायला त्याला सांगा.

निचऱ्यासाठी एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि पाणी किती वेगाने उतरतं ते मोजा. तासाला इंचभर उतरलं तर निश्चिंत राहा. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर तिथे रेड ओक लावू नका. त्या जागी स्वॅम्प व्हाइट ओक लावा. तो ओल सोसतो आणि व्हाइट गटातला असूनही बऱ्यापैकी वेगाने वाढतो.

मध्य न्यू जर्सीत लालसर शेल खडकापासून झालेली चिकण माती बऱ्याच ठिकाणी आहे. ती मुळात वाईट नाही. पण नव्या वसाहतीत बांधकामाच्या वेळी वरचा पोयटा खरवडून नेलेला असतो आणि खालची माती अवजड यंत्रांनी दाबून टाकलेली असते. कुदळ चार इंचांवर थांबत असेल, तर खड्ड्याभोवती सहा-आठ फूट व्यासाची माती एक फूट खोलपर्यंत फोडून भुसभुशीत करा. झाडाला त्याचा फायदा कुठल्याही खतापेक्षा जास्त होतो.

घराच्या कुठल्या बाजूला लावायचं?

पश्चिमेला. याचं कारण नीट समजून घ्या, कारण बरेच जण दक्षिणेला लावतात आणि वीस वर्षांनी पस्तावतात.

जूनच्या मध्यावर इथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास (घड्याळ तासभर पुढे असल्यामुळे), आणि तेव्हा तो क्षितिजापासून जवळपास ७३ अंशांवर असतो. चाळीस फुटी झाडाची सावली त्या वेळी जेमतेम १२ फूट पडते. म्हणजे दक्षिणेचं झाड भर उन्हाळ्यात स्वतःच्या बुडाशीच सावली धरतं. संध्याकाळी पाचला मात्र सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, ३७ अंशांच्या आसपास असतो. तेच चाळीस फुटी झाड पश्चिमेला असेल तर त्याची सावली ५० फुटांच्या पुढे जाते आणि भिंत, खिडक्या, अंगणातला डेक सगळं झाकते. घर सर्वांत जास्त तापलेलं असतं तेही याच वेळी.

डिसेंबरात उलटं होतं. दुपारचा सूर्य २६ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या झाडाची सावली घरावर लांब पडते. पानं गळली तरी फांद्या ऊन अडवतातच, आणि तरुण रेड ओक सुकलेली तपकिरी पानं बऱ्याचदा हिवाळाभर धरून ठेवतो. छपरावर सोलर पॅनेल असतील किंवा पुढे बसवायची असतील, तर दक्षिण बाजू मोकळीच राहू द्या.

किती अंतर सोडू?

घरापासून ३० फूट. अगदी जागाच नसेल तर २५, त्याहून कमी नाही. फूटपाथ आणि ड्राइव्हवेपासून किमान १२ ते १५ फूट. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर ५० फूट दूर. तारांखाली ओक लावला की वीज कंपनी त्याचा मध्य कापून इंग्रजी व्ही अक्षर करते, आणि ते झाड परत कधीच सावरत नाही.

रस्ता आणि फूटपाथ यांच्यामधली हिरवी पट्टी बहुधा गावाच्या अखत्यारीत असते. तिथे लावायचं असेल तर आधी टाउनशिपला विचारा. अनेक गावांत त्यासाठी शेड ट्री कमिशन आहे. वसाहतीची असोसिएशन असेल तर तिची लेखी परवानगीही घ्या.

खणण्याआधी ८११ ला फोन करायलाच हवा का?

हो, कायद्याने बंधनकारक आहे आणि सेवा मोफत आहे. खणण्याच्या किमान तीन पूर्ण कामकाजी दिवस आधी कळवा. मग गॅस, वीज, केबल यांच्या कंपन्यांची माणसं जमिनीखालच्या आपापल्या लाइनवर रंगाच्या खुणा करून जातात. तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरचे पाइप आणि पूल किंवा शेडपर्यंत नेलेली खासगी वायर मात्र ते दाखवत नाहीत. ती तुम्हीच शोधायची.

मोठं झाड आणलं तर सावली लवकर मिळेल ना?

नाही. सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो.

शेतातून यंत्राने उपटून, मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, गोणपाटात बांधून आणलेल्या झाडाची बहुतेक मुळं शेतातच राहतात. ती परत तयार व्हायला बुंध्याच्या जाडीच्या दर इंचामागे साधारण एक वर्ष जातं. तीन इंच जाडीचं झाड तीन वर्षं नुसतं तगून राहतं. सव्वा इंचाचं झाड दुसऱ्या वर्षीच जोम धरतं आणि सात-आठ वर्षांत मोठ्याला गाठतं. शिवाय दोन इंची झाडाच्या हुंडीचं वजन तीनशे पौंडांच्या घरात असतं, ती दोघांना हलत नाही.

आमची शिफारस एक ते दीड इंच जाडीच्या, सहा ते आठ फूट उंचीच्या झाडाची आहे. निवडताना चार गोष्टी बघा. सरळ एकच शेंडा हवा. खोडावर जखमा नकोत. गेल्या वर्षीची वाढ किमान सहा-आठ इंच दिसली पाहिजे. आणि कुंडीतलं असेल तर बाहेर काढून मुळं बघायचा आग्रह धरा. मुळं कुंडीभोवती दोरासारखी गुंडाळलेली असतील तर ते घेऊ नका.

लावायचा हंगाम कोणता?

गोणपाटातलं झाड वसंतात, मार्चअखेरपासून, कळ्या फुगण्याआधी. शरदात उपटलेला रेड ओक दगावण्याचा धोका जास्त असतो, कारण नवी मुळं फुटण्याआधी जमीन गोठते. कुंडीतलं झाड मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतं. जुलैत सेल लागला म्हणून आणू नका.

लावण्याची नेमकी पद्धत सांगा.

आधी बुंध्याचा पसरट पाया शोधा. झाड मातीत शिरताना खोड रुंदावतं आणि पहिली जाड मुळं फुटतात, तो हा भाग. नर्सरीत तो बऱ्याचदा तीन-चार इंच मातीखाली गाडलेला असतो. वरची माती हाताने काढत जा, पहिलं जाड मूळ दिसेपर्यंत. आता त्या मुळापासून हुंडीच्या तळापर्यंतची उंची मोजा. खड्डा तेवढाच खोल, किंवा चिकण मातीत दोन इंच उथळ. रुंदी मात्र हुंडीच्या दोन ते तीन पट. तळाची माती उकरू नका, नाहीतर झाड नंतर खाली बसतं. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर कुदळीने खरबरीत करा, मुळांना शिरायला वाट मिळते.

कुंडीतलं झाड असेल तर हुंडीच्या बाहेरची इंचभर मुळं धारदार करवतीने चारी बाजूंनी आणि तळाशी कापून टाका. क्रूर वाटतं, पण गोल फिरणारं मूळ पुढे जाड होऊन खोडालाच फास लावतं, आणि हे पंधरा वर्षांनी, झाड भरात असताना कळतं. गोणपाटातलं असेल तर ते खड्ड्यात उभं केल्यावर खोडाभोवतीची दोरी पूर्ण काढा, तारेची जाळी आणि गोणपाट वरून निम्मं कापून बाहेर काढा. नायलॉनची दोरी कुजत नाही, तिचा तुकडाही राहू देऊ नका.

मग खणलेली तीच माती परत भरा. आंबा किंवा नारळ लावताना खड्डा खतमातीने भरायची आपली सवय आहे, ती इथे सोडा. चिकण जमिनीतल्या खड्ड्यात मऊ खतमाती भरली की तो बादलीसारखा पाणी धरतो, आणि मुळं त्या मऊ मातीतच घुटमळत राहतात, बाहेर जात नाहीत. अर्धी माती भरून पाणी सोडा, हवेचे पोकळ कप्पे बसतील, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका. पहिल्या वर्षी रासायनिक खतही नको. हुंडीच्या कडेने तीन इंच उंच आळं करा.

काठीचा आधार झाड वाऱ्याने मुळासकट हलत असेल तरच द्या. पट्टा रुंद आणि सैल ठेवा आणि वर्षभरात काढा. थोडं डोलणाऱ्या खोडाला जाडी लवकर येते.

आच्छादन (मल्च) किती आणि कसं?

लाकडाच्या बारीक ढलप्यांचं किंवा पाचोळ्याचं, तीन इंच जाड, किमान तीन फूट त्रिज्येच्या वर्तुळात, आणि खोडापासून तीन-चार इंच मोकळं. इथे गल्लोगल्ली खोडाभोवती ज्वालामुखीसारखे मल्चचे ढीग दिसतात. पैसे घेऊन काम करणारेही ते तसंच करतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्या ढिगाखाली साल ओली राहून कुजते, उंदीर घर करतात आणि खोडातून नको तिथे मुळं फुटतात. तुमच्या झाडाला असा ढीग असेल तर आजच हाताने बाजूला करा.

आच्छादनाचा दुसरा उपयोग म्हणजे गवत कापायचं यंत्र खोडापासून दूर राहतं. दोरीच्या ट्रिमरने सालीला सगळीकडून ओरखडा बसला तर तरुण झाड मरतं.

पाणी?

दोन इंची झाडाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १५ ते २० गॅलन, दोन वेळा विभागून. लावल्यानंतरचे पहिले दोन आठवडे मात्र रोज दोन-तीन गॅलन थेट हुंडीवर द्या. आजूबाजूची माती ओली आणि हुंडी कोरडी, असं सर्रास होतं. बोट तीन इंच आत घालून बघा. वाफसा असेल तर थांबा, कोरडं लागलं तर पाणी द्या. चिकण मातीत कोरडेपणाइतकंच अतिपाण्यानेही झाड जातं, आणि दोन्हीत पानं सारखीच मलूल होतात.

हिरवळीच्या स्प्रिंकलरवर विसंबू नका, त्याचं पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं. खोडाभोवती झिपने बसवायची वीस गॅलनची पाण्याची पिशवी सोयीची आहे, कारण ती काही तासांत हळूहळू झिरपते. नोव्हेंबरात ती काढून ठेवा, नाहीतर तिच्याआड साल कुजते.

ओक वर्षभर सलग वाढत नाही. एक फुटवा येतो, टोकाला कळी बसते, थांबतो, आणि परिस्थिती चांगली असेल तर पुन्हा फुटतो. जून-जुलैत पाणी वेळेवर मिळालं तर दुसरा फुटवा येतो. जलद वाढलेला ओक आणि रखडलेला ओक यांतला फरक बऱ्याचदा या दुसऱ्या फुटव्याचा असतो. पाणी दोन ते तीन उन्हाळे द्यायचं आहे. भारताच्या सहा आठवड्यांच्या फेरीवर जाताना शेजाऱ्यांना झाड सोपवून जा.

हरणांचं काय करायचं?

पाच फूट उंच तारेची जाळी, दोन फूट व्यासाची, शेंडा हरणाच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत. सप्टेंबर ते नोव्हेंबरात नर हरणं शिंगं खोडावर घासतात आणि एका रात्रीत साल सोलून काढतात, त्यामुळे उंच झालेल्या झाडाच्या खोडालाही तेव्हा संरक्षण हवं. ससे आणि उंदरांसाठी पाव इंची जाळी खोडाच्या बुडाशी लावा.

छाटणी कधी?

डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल ते जुलै ओकवर करवत चालवू नका. ताज्या कापावर येणारे रसभुंगे ओक विल्ट नावाची बुरशी आणतात, आणि लाल गटातला ओक तिने काही आठवड्यांत मरतो. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात हा रोग सापडलेला आहे. वादळाने त्या काळात फांदी मोडलीच तर ती साफ कापून कापावर लगेच रंग लावा. एरवी कापावर रंग लावायची गरज नसते.

पहिल्या वर्षी फक्त मोडकं काढा. तिसऱ्या वर्षापासून दर दोन-तीन वर्षांनी एकच काम: दोन शेंडे स्पर्धा करत असतील तर एक आखूड करा. सारख्या जाडीचे दोन शेंडे पुढे मोठे झाले की त्यांच्या बेचक्यात साल अडकते आणि चाळीसाव्या वर्षी झाड तिथेच उकलतं. दहा मिनिटांची ही छाटणी पुढचे हजारो डॉलर वाचवते.

पानांच्या कडा ऑगस्टमध्ये भाजल्यासारख्या दिसतात. पाणी कमी पडतं का?

कदाचित. पण कडेचा तपकिरी भाग आणि हिरवा भाग यांच्यामध्ये पिवळी किंवा लालसर रेघ असेल, आणि तीच फांदी दरवर्षी आधी भाजत असेल, तर बॅक्टेरियल लीफ स्कॉर्चचा संशय घ्या. हा जिवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किड्यांमार्फत पसरतो. न्यू जर्सीत तो बराच आहे, आणि रेड ओक, पिन ओक यांनाच जास्त धरतो. उपाय नाही. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनने लक्षणं पुढे ढकलता येतात, रोग जात नाही. झाड काही वर्षांत हळूहळू वाळत जातं. खात्रीसाठी ऑगस्ट-सप्टेंबरात पानांचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

हे स्पष्टच सांगायला हवं: तुमच्या गल्लीतले जुने रेड आणि पिन ओक याने वाळत असतील, तर आणखी एक रेड ओक लावू नका. तिथेही स्वॅम्प व्हाइट ओकच बरा. वेग थोडा कमी, काळजी बरीच कमी.

सुरवंटांनी पानं खाल्ली तर झाड मरेल?

निरोगी झाड एकदा पूर्ण बोडकं झालं तरी त्याच मोसमात पुन्हा पालवतं. सलग दोन-तीन वर्षं झालं तर धोका. पानं खाणाऱ्या सुरवंटांपैकी एक स्पंजी मॉथ या पतंगाचा. त्याची अंडी फिकट तपकिरी, मखमली पुंजक्यांत ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत खोडावर दिसतात. ती खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. पाठीवर निळ्या आणि मग लाल ठिपक्यांच्या जोड्या असलेला केसाळ सुरवंट याच पतंगाचा.

पानांवरच्या गोल गाठींची चिंता नको, त्या निरुपद्रवी असतात. सतरा वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा किडे मात्र कोवळ्या फांद्यांना चिरा पाडून अंडी घालतात. त्यांची न्यू जर्सीतली ‘ब्रूड II’ ही पिढी २०१३ मध्ये आली होती, पुढची २०३० च्या मे-जूनमध्ये. तेव्हा तुमचं झाड लहान असेल तर अर्धा इंचाहून बारीक भोकांची जाळी पाच-सहा आठवडे घाला.

ओकच्या फळापासून रोप करता येईल?

नक्कीच, आणि मुलांसाठी सुंदर काम आहे. ऑक्टोबरात पडलेली फळं गोळा करा, टोपी काढा, पाण्यात टाका. तरंगणारी आणि भोक पडलेली फेका. उरलेली ओलसर पीट मॉससह पिशवीत घालून फ्रिजमध्ये सहा ते बारा आठवडे ठेवा. लाल गटाच्या फळाला ही थंडी मिळाल्याशिवाय ते नीट रुजत नाही. वसंतात फूटभर खोल कुंडीत, आडवं, एक इंच मातीखाली लावा आणि वर जाळी बांधा, नाहीतर खारी रातोरात नेतील. सोटमूळ पटकन खाली जातं, म्हणून उथळ कुंडी चालत नाही.

टेक्सासमध्ये हेच लावू का?

नाही. डॅलसच्या चुनखडीच्या काळ्या मातीत नॉर्दर्न रेड आणि पिन ओक पिवळे पडतात, तिथे शुमार्ड ओक योग्य. ह्यूस्टनच्या ओलसर जमिनीत नटॉल ओक छान येतो. ऑस्टिनच्या परिसरात ओक विल्टचा जोर आहे, तिथे लाल गटाचा ओक टाळा, आणि असलेला ओक फेब्रुवारी ते जून अजिबात छाटू नका.

पुण्याच्या घरी लावता येईल?

रेड ओकला खरी हिवाळी थंडी लागते, तो तिथे तग धरणार नाही. महाराष्ट्रात ज्याला सिल्व्हर ओक म्हणतात तो ओक नव्हेच, ऑस्ट्रेलियातून आलेलं वेगळ्या कुळाचं झाड आहे. भारतातले खरे ओक, बांज वगैरे, हिमालयाच्या उतारांवर वाढतात. पुण्यात सावली हवी तर करंज, कडुनिंब किंवा बकुळ लावा.

मोठं झाल्यावर घरावर पडेल का?

मुळं शाबूत असलेला ओक सहसा पडत नाही. पडतो तो मुळं तोडल्यावर. ओकची बहुतेक मुळं वरच्या दीड फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. झाड वीस वर्षांचं झाल्यावर पॅटिओ घातला, ड्राइव्हवे रुंद केला, पाइपसाठी चर खणला किंवा बुंध्याभोवती फूटभर माती चढवली, की शेंडा वाळू लागतो तो तीन-चार वर्षांनी, आणि तोवर कारण विसरलेलं असतं. म्हणून डेक किंवा पॅटिओ पुढे करायचा विचार असेल, तर त्याची जागा आजच आखून ठेवा आणि ओक त्या रेषेपासून २० फूट दूर लावा. बुडाशी अळंबी उगवली, खोडाला उभी भेग गेली किंवा एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसली, तर राज्याचा परवाना असलेल्या वृक्षतज्ज्ञाला बोलावून झाड तपासून घ्या, आणि त्याचा अहवाल लेखी मागा.